सुई नवीच होती

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. इंदूरकडच्या आमच्या गावात, सिंधीपुरा नावाच्या मोहल्ल्यात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पप्पांचा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि दुकानांची बिलबुकं छापून घर चालायचं आणि उरलेल्या कागदावर पप्पा स्वतःची पत्रकं छापायचे. कापडाच्या लूमवरच्या कामगारांच्या मजुरीबद्दल, नळाला येणाऱ्या गढूळ पाण्याबद्दल, अंगात येणाऱ्या बाबांबद्दल. निम्मं मराठीत, निम्मं हिंदीत. गल्लीत सगळे त्याला पर्चा म्हणत. मी त्या गठ्ठ्यांवर बसून जेवले, त्यांच्यावरच झोपले. चौथीत ‘माझी गाय’ या निबंधाच्या शेवटी मी ‘जागे व्हा, एक व्हा’ असं लिहिलं होतं. बाईंनी ते लाल शाईने खोडलं. त्या बाई म्हणजे माझी आईच. ती मराठी शाळेत शिकवायची आणि वर्गात मला ओळख द्यायची नाही.

त्या काळात पप्पांनी एक पत्रक काढलं होतं, त्याचं मथळ्याचं वाक्य मला अजून तोंडपाठ आहे: ‘नवी सुई मागा. सील तुमच्या डोळ्यांसमोर तोडायला लावा.’ कुठेतरी एकाच सुईने अनेकांना इंजेक्शन दिल्याची बातमी आली होती आणि पप्पा पेटले होते. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकाकांनी हे पत्रक सगळ्यांत आधी मागून नेलं आणि आपल्या दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवलं. पप्पांना काय आनंद झाला होता! डॉक्टर असावा तर असा, असं ते जो येईल त्याला सांगायचे.

डॉक्टरकाका आधी कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होते. डिग्री त्यांना कोणी विचारली नाही. ते दिवाळीला आमच्याकडे फराळाला यायचे, आईला भाभी म्हणायचे, माझ्या गालाला चिमटा काढायचे. पत्रक लागल्यापासून त्यांच्या दवाखान्यात एक नवाच कार्यक्रम सुरू झाला. सुईचं छोटं पाकीट ते उजेडाकडे धरायचे आणि विचारायचे, “देख लो भई, पॅक है ना?” पेशंट म्हणायचा, “हो, पॅक है.” मग कर्र करून पाकीट फाडायचे. बाकावरचे सगळे माना उंच करून बघायचे. मी आईबरोबर जायचे, तेव्हा मीही बघायचे. मला वाटायचं, हे माझ्या पप्पांनी करून दाखवलंय.

आणि आई सुई घ्यायची. दिवसभर वर्गात उभं राहून पाय भरून यायचे, तेव्हा सुई. परीक्षेचे पेपर तपासून मान आखडली, सुई. लग्नसराईत जागरण झालं, सुई. “गोळीने काय होतं? सुई घेतली की अंगात तरतरी येते,” असं ती म्हणायची. गल्लीतल्या सगळ्याच बाया असं म्हणायच्या. ती लाल औषधाची ताकदीची सुई घेतल्याशिवाय आमच्याकडे दुखणं गेलंसं वाटत नसे.

हे सगळं मी आत्ता इतकं शांतपणे लिहिते आहे, कारण पुढचं सांगायचं आहे. शांत मी नाही.

तीन वर्षांपूर्वी आईच्या पायांत चपलेचा पट्टा रुतायला लागला. मग नडग्यांवर लाल ठिपके उठले, मसुरीच्या डाळीएवढे. दाबले तरी पुसट व्हायचे नाहीत. आई म्हणाली उष्णता आहे आणि सब्जा भिजवून प्यायला लागली. सांधे दुखायचे, सकाळी डोळ्यांखाली सूज असायची. एकदा कपडे पिळता पिळता हळूच म्हणाली, “संडासात गेलं ना, की साबणाची पावडर टाकल्यासारखा फेस येतो गं. जातच नाही लवकर.”

आम्ही कुठे गेलो असू? अर्थातच डॉक्टरकाकांकडे.

“भाभी, पानी भर गया है, बस. अभी निकाल देते हैं,” ते म्हणाले. पाकीट उजेडाकडे धरलं, फाडलं, सुई दिली. दोन दिवस सूज उतरली. ते जिंकले. पुन्हा चढली, पुन्हा सुई. असं करत करत पूर्ण उन्हाळा गेला. जुलैमध्ये शाळेत प्रार्थना चालू असताना आई फळ्याजवळ कोसळली. मुख्याध्यापकांनी तिला स्वतःच्या गाडीत घालून जिल्हा रुग्णालयात नेलं. तिथे तिचं ब्लडप्रेशर मोजणाऱ्या नर्सने ते पुन्हा मोजलं, कारण पहिल्यांदा तिचा विश्वास बसला नाही.

तिथली डॉक्टर माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. आधी तिने आईच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो तसाच राहिला. मग ते ठिपके पाहिले. लघवी तपासायला सांगितली, रक्त तपासायला सांगितलं आणि त्यात हिपॅटायटिसच्या तपासण्याही घातल्या.

“पाय सुजलेत आणि तुम्ही काविळीची तपासणी करताय?” मी विचारलं. माझ्या आवाजात टोमणा होता.

“हो, करतेय,” ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे वळली.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला समोर बसवलं. लघवीतून प्रोटीन वाहून जातंय, किडनीचं काम मंदावलंय, आणि रक्तात हिपॅटायटिस सी सापडलाय. नाव ऐकून आईने पदर ओढून घेतला, जणू कोणी तिला काही घाणेरडं बोललं.

“कधी रक्त चढवलं होतं?”

“नाही.”

“ऑपरेशन?”

“नाही. हिच्या वेळेलाही नॉर्मलच.”

“सुया घेता?”

“त्या घेते.”

“किती घेतल्या असतील?”

आई हसली. “मोजल्यात कोणी?”

मी मध्ये बोलले. मला वाटलं, ही बाई आम्हाला अडाणी समजते आहे. “मॅडम, आमच्याकडे सुई दर वेळी नवीच असते. आमच्यासमोर सील तोडतात.”

ती लिहिता लिहिता थांबली. “चांगलं आहे. आणि सिरिंज?”

मला त्यांच्या टेबलावरचा ट्रे आठवला.

सिरिंज. सुई जिला जोडतात ती नळी. ती स्टीलच्या ट्रेमध्ये असायची, जाड, प्लास्टिकची. तिच्यावरचे आकडे घासून घासून पुसट झाले होते. आधीच्या पेशंटचं लाल औषध तिच्यात अर्धं उरलेलं असायचं. डॉक्टरकाका नवी सुई त्याच नळीवर बसवायचे, तीच बाटलीत खुपसून औषध वर ओढायचे आणि द्यायचे. हे मी शंभरदा पाहिलं होतं. आकडे पुसट झालेत हेसुद्धा पाहिलं होतं. पण आम्ही सगळे सुईकडे बघत होतो. पत्रकाने जेवढं बघायला सांगितलं होतं, तेवढंच बघत होतो.

“सुई बदलली तरी मागचं रक्त सिरिंजमध्ये येतं,” डॉक्टर म्हणाली. “डोळ्यांना दिसत नाही एवढंसं. तेवढं पुरतं. पण हे बघा, तुमच्या आईला नक्की कुठून लागण झाली, ते आज कोणी सांगू शकणार नाही.”

“मी सांगू शकते,” मी म्हणाले.

तिने आम्हाला इंदूरला पाठवलं. तिथल्या मोठ्या रुग्णालयात आईला पालथं झोपवून पाठीतून किडनीचा सुईच्या टोकाएवढा तुकडा काढला. माझा हात घट्ट धरून ती विचारत होती, “मूग भिजत घातले होतेस का घरी? तुझे पप्पा उपाशी राहतील.” तुकड्याचा रिपोर्ट आला तेव्हा तिथल्या वयस्कर किडनीतज्ज्ञांनी आम्हाला समजावून सांगितलं. विषाणू राहतो यकृतात. शरीर त्याच्याशी लढतं, आणि त्या लढाईतून जे चिकट गाळासारखं तयार होतं ते रक्तातून वाहत जाऊन किडनीच्या बारीक गाळण्यांत अडकतं. गाळणी सुजते, फाटते, रक्तातलं प्रोटीन खाली सांडतं. पायांवरचे ठिपकेही त्याच गाळाचे.

“किडनीने काही केलेलं नाही,” ते म्हणाले. “ती मार खातेय. मारणारा दुसरीकडे बसलाय.”

हे वाक्य मी घरी येईपर्यंत बसमध्ये चघळत होते. मारणारा कुठे बसलाय ते मला ठाऊक होतं. आमच्या घरापासून सातव्या दारात.

उपचार होता. पूर्वी या रोगावर महिनोन्महिने इंजेक्शनं घ्यावी लागायची आणि किडनी अधू असेल तर तीही झेपायची नाहीत. आता विषाणूलाच मारणाऱ्या गोळ्या आल्यात, आणि त्या अशा किडनीलाही चालतात. रोज एक गोळी, बारा आठवडे, आणि ती आपल्या जिल्हा रुग्णालयात फुकट मिळते. मी किडनीतज्ज्ञांना सरळ विचारलं, “किडनी वाचेल?”

“विषाणू बहुतेक जाईल. मग गाळण्यांना उसंत मिळेल. जेवढं खराब झालंय त्यातलं किती परत येईल, ते तिचं तिलाच ठरवू द्या. पण गोळ्या चुकवल्या, विषाणू राहिला, तर पुढे डायलिसिस आहे. ते मला टाळायचंय.”

ते मलाही टाळायचं होतं. डायलिसिसला आठवड्यातून दोनतीनदा जाणारी एक बाई आमच्या नात्यात होती. सुयांनी गाठी-गाठी आलेला तिचा हात मी पाहिला होता.

जिल्हा रुग्णालयातून गोळ्यांची बाटली घेऊन घरी आल्या आल्या मी छापखान्यात बसले आणि पत्रक लिहिलं. आयुष्यात इतकं भराभर मी काही लिहिलं नव्हतं. त्यात डॉक्टरकाकांचं नाव होतं, दवाखान्याचं ठिकाण होतं, आईचं नाव होतं, तिच्या किडनीचा रिपोर्ट होता. ‘खुनी’ हा शब्द दोनदा होता. पप्पांनी वाचलं आणि आईकडे दिलं. आईने वर्गात वही तपासावी तसं वाचलं. मग घडी केली.

“हे बाहेर पडलं तर माझी गोळी बंद.”

“आई, येडी झालीस का?”

“येडी तू. शाळेत दुपारचं जेवण मी वाढते. मुलांना पाणी मी देते. उद्या ह्या रोगाचं नाव माझ्या नावापुढे लागलं, तर मुलांचे आईबाप मला घागरीजवळ उभं करतील का?”

“तो पाण्यातून होत नाही. जेवणातून होत नाही. शिवून होत नाही.”

“हे तू कोणाकोणाला सांगत फिरशील?”

“सगळ्यांना! पत्रक त्यासाठीच असतं. आणि आई, तो आजसुद्धा सुया देतोय. आत्ता, ह्या मिनिटाला.”

आईने गोळ्यांची बाटली उचलली, माझ्यापुढे धरली. “गोळ्या संपून शेवटची तपासणी होईपर्यंत पत्रक नाही. नाहीतर ही घे, तूच खा.”

पप्पा शाईच्या चिंधीला हात पुसत होते. “तिचं ऐक,” ते म्हणाले.

म्हणून मी थांबले. आईच्या किडनीपुढे माझं तत्त्व हरलं. त्याचा मला आजही राग आहे, आणि आजही मी तसंच करीन. रोज सकाळी चहाबरोबर ती गोळी घ्यायची. जिभेवर ठेवण्याआधी माझ्याकडे बघून विचारायची, “कुठे काही छापलं नाहीस ना?” मी मान हलवायचे. मगच गिळायची. ती मला हसवायला करते असं पप्पांना वाटायचं. मला माहीत होतं, ती तपासत होती.

पण आईने बंदी घातली होती ती पत्रकाला. मला नव्हे.

पहिल्या आठवड्यातच मी संध्याकाळी डॉक्टरकाकांच्या दवाखान्यात जाऊन बाकावर बसले. गर्दी होती. केळीच्या गाड्या भरणारे हमाल, लूमवरून सुटलेले, पोरांना घेऊन आलेल्या बाया.

“बेटी, तुला काय झालं?” डॉक्टरकाकांनी विचारलं.

“काही नाही काका. बसलेय.”

त्यांनी एका हमालासाठी पाकीट उजेडाकडे धरलं. “देख लो भई, पॅक है ना?”

“हो काका, सुई पॅक आहे,” मी मोठ्याने म्हणाले. “आता सिरिंजपण नवी काढा ना.”

डॉक्टरकाका हसले. “भाभी की बेटी शहर में पढ़ के आई है,” ते हमालाला म्हणाले. पण त्यांचा हात ट्रेवर थांबला होता. हमालाने ट्रेकडे पाहिलं. त्या नळीत गुलाबी पाणी शिल्लक होतं.

“ये किसका है?” त्याने विचारलं.

डॉक्टरकाकांनी खण उघडला, नवी सिरिंज काढली, तिचंही पाकीट फाडलं. माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. तिसऱ्या दिवशीही. मी रोज तेच वाक्य, त्याच आवाजात म्हणायचे. पहिल्या दिवशी लोक माझ्याकडे बघायचे, मग हळूहळू ट्रेकडे बघायला लागले. एक म्हातारी मला म्हणाली, “काय वं माय, तुला दुसरा धंदा नाही का?” मी म्हणाले, “आजी, सध्या हाच.” तिने माझ्या मांडीवर थाप मारली आणि स्वतःचा नंबर आल्यावर डॉक्टरला म्हणाली, “ती बी नवी काढ बरं का, ह्या पोरीचं मन राहू दे.” मला त्या वेळी जो आनंद झाला तो फार चांगल्या माणसाला होणारा नव्हता. डॉक्टरकाकांच्या कपाळावर घाम होता आणि मी तो न्याहाळत बसले होते. पंखा चालू होता.

मला ठाऊक होतं की मी गेल्यावर जुनी सिरिंज ट्रेमध्ये परत येत असणार. दिवसभर मी तिथे नसायचे. नोकरी होती, आई होती. एवढ्याने भागणार नव्हतं.

महिन्याभराने एका रविवारी डॉक्टरकाका आमच्या घरी आले. हातात दराब्याच्या मिठाईचा पुडा. आईला गोड चालत होतं, मीठ बंद होतं, हे त्यांनी कुठूनतरी विचारून ठेवलं होतं. आईने त्यांना चहा दिला. आमच्या कपात.

“भाभी, आपकी बेटी मेरे दवाखाने में हवालदार बनके बैठती है,” ते म्हणाले. “लोग हसतात. मी म्हटलं, घरचीच पोरगी आहे.”

आई खाली बघत होती. तिला हे ठाऊकच नव्हतं.

मग त्यांनी आईला बरं वाटतंय का विचारलं. आई म्हणाली, सूज कमी आहे, फक्त छातीत जळजळतं. ते म्हणाले, त्या सरकारी गोळ्या गरमच असतात.

मी उठून आत गेले, कारण उठले नसते तर कप फेकला असता. आत बसूनही मला सगळं ऐकू येत होतं, पण गप्पा पुढे शाळेवर गेल्या. ते निघून गेल्यावर कप उचलायला आले तेव्हा आईच्या उशीखाली चकाकताना दिसलं. गॅसच्या कॅप्सूलची पट्टी. एक कॅप्सूल कमी होती.

जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरने पहिल्या दिवशी तीनदा सांगितलं होतं, न विचारता गॅसची गोळी घ्यायची नाही. पोटातलं आम्ल मारलं तर ही गोळी अंगी लागत नाही.

“आई, घेतलीस?”

“जळजळत होतं गं. ते म्हणाले…”

“ते म्हणाले!”

मी पट्टी हातात घेऊन चपलाही न घालता रस्त्यात गेले. डॉक्टरकाका अजून कोपऱ्यावर कोणाशी तरी बोलत होते. मी ती पट्टी त्यांच्या खिशात परत कोंबली.

“एकदा केलंत तेवढं पुरलं नाही का?”

“बेटी, काय केलं मी?”

“तुमच्या सिरिंजने तिची किडनी गेली.”

गल्लीतली दारं उघडायला लागली. त्यांनी आवाज उतरवला नाही. उलट चढवला. आणि ते जे बोलले ते मला आजही ऐकू येतं.

“मी काय तुमच्यापासून चोरून केलं? तेरे बाप ने जो छापा, वही किया. नवी सुई लिहिलं होतं, नवी सुई दिली. सबके सामने दी. त्याच्या पर्च्यात सिरिंज लिहिलं होतं का? दाखव मला. अजून भिंतीवर आहे.”

पप्पा माझ्यामागे येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं ते आता बोलतील. आयुष्यभर ह्या माणसाने लेखणीने मोठमोठ्यांना उत्तरं दिली होती. त्यांनी फक्त मला दंडाला धरून घरी आणलं.

त्या दुपारी मी रुग्णालयातल्या डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, एका कॅप्सूलने बुडणार नाही बहुतेक, पण आता एकही नको, आणि छातीत जळजळलं तर मला विचारा, दुसऱ्या कोणाला नाही. ‘बहुतेक’ हा शब्द मी पुढचे सगळे आठवडे डोक्यात घेऊन फिरले. आईने फोन ऐकला. ती पहिल्यांदाच घाबरलेली दिसली. त्यानंतर डॉक्टरकाका दोनदा दारात आले. आई त्यांच्याशी उंबऱ्यातूनच बोलली आणि चहा विचारला नाही.

गोळ्या संपल्या. मग तीन महिने थांबायचं होतं, कारण विषाणू खरंच गेला की दबा धरून बसलाय ते त्यानंतरच कळतं. ते तीन महिने पहिल्या तीनांपेक्षा वाईट होते. करायला काहीच नव्हतं. मी कागदावर पत्रकं लिहायचे आणि फाडायचे. एकात मी त्यांना तुरुंगात टाकलं. एकात त्यांच्याच सिरिंजने त्यांना सुया दिल्या. पप्पा एकदा माझ्या खांद्यावरून वाचून म्हणाले, “हे पत्रक नाही. ही शिवी आहे.”

“मग शिवी छापा.”

“छापीन. पण आधी माझं वाक्य जाईल.”

“कोणतं?”

“आमच्या जुन्या पत्रकात चूक होती, हे.”

मी भांडले. शत्रूच्या हातात आपणच काठी का द्यायची? तो तेच सांगत सुटेल. पप्पा म्हणाले, तो आताही तेच सांगतोय आणि खरं सांगतोय. मला सिरिंजचं ठाऊक नव्हतं, त्याला ठाऊक होतं. फरक एवढाच आहे, आणि हा फरक लोकांना सांगायचा असेल तर आधी माझं नाव घालावं लागेल. नाहीतर मी मशीन चालवणार नाही.

तपासणीचा निकाल आला. विषाणू सापडला नाही. रुग्णालयातल्या डॉक्टरने हात पुढे केला आणि आईने तो दोन्ही हातांत धरला. मग किडनीचे आकडे पाहिले. प्रोटीन जाणं खूप कमी झालं होतं, पण थांबलं नव्हतं. ब्लडप्रेशरची गोळी कायमची. मीठ कायमचं कमी. दर काही महिन्यांनी तपासणी कायमची. “एवढंच परत आलं,” डॉक्टर म्हणाली. “पण डायलिसिसच्या रस्त्यावरून आपण मागे फिरलो.”

लोक म्हणाले, देवाची कृपा, आता विसरून जा. मी विसरायला तयार नव्हते. आईचं जे गेलं ते गेलं. क्षमा करायची तर तिने करावी, किडनी तिची आहे. माझ्याकडे ती शिल्लक नाही.

पत्रक निघालं. सर्वांत वर पप्पांचं वाक्य, त्यांच्या सहीने. खाली मोठ्या अक्षरांत: सुईही नवी, सिरिंजही नवी, औषधाची बाटलीही नवी, आणि मुळात सुई खरंच हवी आहे का, ते विचारा. तपासणी कुठे फुकट होते, गोळ्या कुठे फुकट मिळतात. आईचं नाव नाही, कारण तिला ते नको होतं. डॉक्टरचं नाव नाही, कारण आम्ही विचारलेल्या वकिलाने नको म्हटलं. पण पत्रक मी वाटलं ते त्यांच्याच पायरीसमोर उभं राहून. “कोणता डॉक्टर?” असं ज्याने विचारलं त्याला मी फक्त मान वळवून दाखवलं.

गल्लीतले बरेच जण तपासणीला गेले. काहींच्यात विषाणू निघाला. त्यांतल्या एकाने जाऊन दवाखान्याच्या दाराच्या फळीवर लाथ मारली. मी ते समोरून पाहिलं आणि मध्ये पडले नाही. तक्रारीचा अर्जही दिला, पण त्याची चौकशी व्हायच्या आत उन्हाळ्याच्या तोंडावर दवाखान्याला कुलूप लागलं. आम्हाला वाटलं संपलं. मग तुकईथडकडून केळी घेऊन येणाऱ्या एका ड्रायव्हरने पप्पांना सांगितलं, तुमचे डॉक्टरसाहेब तिकडच्या एका गावात बसतात, बाजाराच्या दिवशी तर पाय ठेवायला जागा नसते.

मी गठ्ठा बांधला. आई दारात आली. “मीपण येते.”

“उन्हात? पाय सुजतील.”

“तू एकटी गेलीस तर भांडशील.”

“भांडायलाच चाललेय.”

“म्हणून तर,” ती म्हणाली आणि छत्री घेतली.

बाजार वडाखाली भरला होता. दवाखान्याचा ओटा तिथून समोरच दिसत होता, बाहेर बाया-पोरांची रांग. मी रांगेत पत्रकं वाटायला लागले. बायांनी ती घेतली, उलटसुलट केली. बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं. मी सांगायला लागले. एक दांडगी बाई, कडेवर पोर, मला म्हणाली, “पर्चे में तो कुछ भी छपता है. किसको हुआ? नाम बता.”

नाव मला सांगायचं नव्हतं. रांगेतल्या बाया हसल्या. “देखो, नाम ही नहीं!” त्या हसण्याने माझे कान तापले. डॉक्टरकाका आवाज ऐकून ओट्यावर आले होते. मला पाहून त्यांनी हात कमरेवर ठेवले. तेही हसत होते.

आई कांदेवाल्याच्या पोत्यावर बसली होती. ती उठली. रांगेजवळ आली, छत्री मला दिली आणि दोन्ही हातांनी साडी घोट्यांपासून वर उचलली, गुडघ्याखाली चार बोटं राहतील इतकी. माझ्या आईने. जी नदीवरसुद्धा साडी ओली होऊ द्यायची पण वर करायची नाही. ठिपके गेले होते, पण त्यांच्या जागी तपकिरी डाग राहिलेत, नडगीभर, गंजासारखे.

“मुझे हुआ,” ती म्हणाली. तिच्या वर्गातल्या आवाजात, मागच्या बाकापर्यंत जाणाऱ्या. “इसी डॉक्टर के पास. सुई नई थी, मैंने खुद देखी थी. सिरिंज नहीं देखी. मेरी किडनी आधी गई. जाओ, अंदर ट्रे में देखो.”

कोणी हसलं नाही. कडेवर पोर असलेल्या बाईने वाकून आईच्या नडगीला बोट लावलं. मग ती सरळ ओट्यावर चढली, डॉक्टरकाकांच्या बाजूने आत डोकावली आणि लगेच बाहेर आली. रांगेला तिने काय सांगितलं ते त्यांच्या बोलीत होतं, मला कळलं नाही. रांगेला कळलं.

“भाभी,” डॉक्टरकाका म्हणाले, “आपने भी…” आईने साडी सोडली नाही. त्यांच्याकडे बघत ती तशीच धरून उभी राहिली, रांगेतली शेवटची बाई उठून जाईपर्यंत.

एका पोरसवदा सुनेने त्या सकाळीच सुई घेतली होती. ती दंड चोळत आईपाशी आली आणि विचारायला लागली, तपासणी कुठे करतात, नवऱ्याला सांगावं लागतं का, त्रास होतो का. आईने तिला आपल्या शेजारी पोत्यावर बसवलं. नुसतं आज एकदा नाही, काही महिन्यांनी परत तपासायचं, असं समजावून सांगितलं. मग म्हणाली, चल, आमची बस तिकडेच जाते.

बसच्या खिडकीतून मी मागे पाहिलं. ते ओट्यावर एकटे बसले होते, रिकाम्या बाकाच्या टोकाला. एकदम म्हातारे दिसत होते. मला त्यांचं वाईट वाटलं नाही. आई त्या मुलीला किडनी म्हणजे काय ते सांगत होती, आणि माझ्या मांडीवर उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. पुढच्या बाजाराला पुरेल इतका.